ताऱ्यांच्या दिवसाचा चकवा

वहिनी आणि दीर यांच्यात विस्तव जात नव्हता, हे त्या संस्थेत पहारेकऱ्यापासून संचालक बाईंपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. संस्थेतही तिला वहिनीच म्हणत. दीर म्हणायचा म्हणून बाकीचे म्हणायला लागले, आणि अख्खं आयुष्य पदार्थविज्ञानात घालवलेल्या बाईला ही आणखी एक पदवी चिकटली. बाकीचे निदान प्रेमानं म्हणत. दीर मात्र चपलेतला खडा झटकावा तसा तो शब्द तोंडातून टाकायचा.

भांडणाचं मूळ जुनं होतं आणि अगदी साधं होतं. तळघरातलं फिरतं टेबल तिनं उभं केलं होतं. स्क्रू न् स्क्रू तिच्या हातचा. मग सासूबाईंचं अर्धं अंग गेलं. वहिनीनं रजा घेतली, त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, काठी धरून पुन्हा चालायला शिकवलं. परत कामावर आली तेव्हा तळघराच्या दारावर प्रमुख म्हणून दिराची पाटी लागली होती. आई त्याची, सेवा हिची आणि खुर्ची पुन्हा त्याचीच! वर पहिल्याच दिवशी म्हणतो कसा, "वहिनी, आता जरा दमानं घ्या. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायला कोणीतरी हवंच आहे." त्या दिवशी तिनं जो डूख धरला तो धरलाच.

आता हे टेबल म्हणजे काय, ते सांगायला हवं. ग्रॅनाइटची जाडजूड शिळा, हवेच्या पातळ गादीवर तरंगत संथपणे गोल फिरणारी, रात्रंदिवस. तिच्यावर काटकोनात ठेवलेल्या काचेच्या दोन नळ्या, नळ्यांच्या टोकांना आरसे, आणि त्या आरशांमध्ये येरझाऱ्या घालणारा लेझरचा उजेड. उजेड कुठल्याही दिशेला जाऊ दे, त्याचा वेग तोच, या एका वाक्यावर विशेष सापेक्षतेची अख्खी इमारत उभी आहे. ते वाक्य खोटं असेल, एखाद्या दिशेला उजेड तसूभर जरी जास्त जोरात पळत असेल, तर टेबल फिरताना दोन नळ्यांमधला फरक हेलकावे खाईल. शंभराहून जास्त वर्षं लोक हा फरक मोजतायत आणि शून्य येतंय. पुढची पिढी आणखी बारीक मोजते, पुन्हा शून्य. वहिनीचा नवरा दातांचा डॉक्टर. पेशंटच्या तोंडात हत्यारं घालून तो सांगायचा, "माझ्या बायकोला काहीही सापडलं नाही की तिचं कौतुक होतं. मला एक कीड सापडली नाही तर लोक दुसऱ्या डॉक्टरकडे जातात."

तर वर्षानुवर्षं शून्य बघणाऱ्या माणसांच्या डोळ्यांवर झापड येते. खरोखरच काही हललं तर यांना दिसेल का, याची खात्री कोण देणार? म्हणून या मंडळींनी एक रीत पाडली होती. हंगाम सुरू होताना एका माणसाला नेमायचं. त्यानं वाटलं तर मोजमापांत एक खोटा हेलकावा मिसळायचा. त्या हेलकाव्याला म्हणायचे चकवा. चकवा घातला की नाही, कसा घातला, हे त्या एकट्यालाच माहीत. बाकीच्यांनी जे दिसेल ते खरं धरून तपासायचं, शोधनिबंध लिहून काढायचा, आणि मग ठरलेल्या दिवशी सगळ्यांसमोर चकवेवाल्यानं उभं राहून सांगायचं. त्या दिवसापर्यंत त्यानं ना हो म्हणायचं ना नाही, आणि मोजमापांकडे ढुंकूनही बघायचं नाही. नियम म्हणजे नियम.

या हंगामाला संचालक बाईंनी नेमलं वहिनीला. त्याच वेळी दोघांना खोलीत बोलावून स्पष्ट सांगितलं, "तुमच्या भांडणाला सगळे विटलेत. चकवा उघडला की मी ठरवणार. टेबल दोघांपैकी एकाकडे राहील, दुसरा वर्गावर जाईल. रडारड नको."

वहिनीला टेबल हवं होतं. बस. बाकी तिला त्या वयात काही नको होतं, मान नको, पाटी नको, टेबल हवं होतं. आणि दीर वर्गावर गेलेला बघायला मिळाला असता, तर तेही नको म्हणाली नसती.

चकवा घालायला ती संगणकासमोर बसली आणि तिच्या मनात आलं, घालायचाच कशाला? शोधू दे की हंगामभर. नसलेली सुई गवतात शोधत बसू दे मोठे प्रमुख! तिनं काहीच घातलं नाही. नियमानं तेही चालत होतं. संगणकात "रिकामा" अशी नोंद करून ती घरी आली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

हंगाम अर्ध्यावर आला तेव्हा हेलकावा दिसला.

दिरानं सगळ्या गटाला तळघराबाहेरच्या खोलीत जमवलं. वहिनीलाही बोलावलं, मुद्दाम. भिंतीवरच्या पडद्यावर ती लाट होती, बारीक पण सरळसरळ उठून दिसणारी. "बघा," दीर म्हणाला, "घड्याळाच्या दिवसाशी जुळवली तर लाट विस्कटते. ताऱ्यांच्या दिवसाशी जुळवली की शिपायासारखी उभी राहते."

हे वाक्य ऐकून खोलीत सगळे सरळ बसले, त्याला कारण होतं. आपला घड्याळाचा दिवस सूर्याचा. पण तारे पुन्हा त्याच जागी यायला चार मिनिटं कमी लागतात. इमारतीतली गरमी, रस्त्यावरची वाहनं, माणसांची ये-जा, विजेचा चढउतार, हे सगळं घड्याळानं चालतं. त्यामुळे एखादी गोष्ट ताऱ्यांच्या दिवसानं हलत असेल, तर ती घरातली नसते. ती बाहेरून येते, आभाळातून.

"आता वहिनी," दीर तिच्याकडे वळला, "चकवा घालायचा तर थोडी कला दाखवायची होती. ताऱ्यांच्या दिवसाला डकवून मोकळ्या झालात! पहिल्या वर्षाचा मुलगासुद्धा हेच करेल. बरोबर आहे म्हणा, सवय करून घ्यायला हवीच." गट हसला. दीर गटाला म्हणाला, "फार वेळ घालवू नका. तपासण्या जेमतेम उरका, निबंध लिहून ठेवा. ठरल्या दिवशी उघडू आणि फेकून देऊ."

वहिनीच्या पायाखालची जमीन सरकली होती. कारण तिनं काही घातलंच नव्हतं.

ती घरी कशी आली तिचं तिलाच कळलं नाही. नवऱ्यानं विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, बरं आहे. स्वयंपाकघरात जाऊन तिनं नळ सोडला आणि नुसती पाण्याकडे बघत उभी राहिली. अख्ख्या जगात त्या घडीला एकच माणूस असा होता ज्याला माहीत होतं की ती लाट कोणी घातलेली नाही. तो माणूस म्हणजे ती. उजेडाच्या वेगाचं ते वाक्य तुटलं असेल? शंभर वर्षांत कोणाला न दिसलेली चीर तिच्या टेबलाला दिसली असेल? तिला हसू यायला लागलं. आणि वर त्या उद्दाम माणसानं सगळ्यांदेखत ती चीर फेकून द्यायला सांगितली होती! देवानं द्यायचं ठरवलं की असं छप्पर फाडून देतो म्हणतात ते हेच असावं.

त्यानंतरचा पंधरवडा वहिनी हवेत होती. नियमामुळे तोंड उघडता येत नव्हतं आणि उघडायचंही नव्हतं. भाजी चिरताना ती आकडेमोड करी. दात घासताना उजेडाला कुठली दिशा जास्त लाडकी असेल याचा विचार करी. झोपेत एकदा इतकी मोठ्यानं हसली की नवरा दचकून उठला. इतकी सुखी ती लग्नात नव्हती, मूल झालं तेव्हा नव्हती, हे तिनं स्वतःशी कबूलही करून टाकलं.

रविवारी सासूबाईंकडे सगळे जेवायला जमायचे. त्या रविवारी दिरानं पानावर बसल्या बसल्याच सुरू केलं. "आई, वहिनींनी यंदा आम्हाला कोडं घातलंय. इतकं सोपं, इतकं सोपं, की माझी तर झोपच उडाली."

"मग झोपा की भाऊजी," वहिनी म्हणाली. "तुम्हाला झोपेत काम करायची सवय आहेच."

"खुर्ची गेली की माणसाची जीभ लांब होते म्हणतात."

"खुर्ची गेली कशी ते तुमच्या आईंना विचारा. त्या काठी टेकत चालतात ना, त्याच काठीखाली गेली."

सासूबाईंनी चमचा ताटावर आपटला. "माझ्या पायांना मध्ये आणू नका! आणि तुमचं ते उजेडाचं जेवताना नको. साधा दिवा लावायचं सांगितलं तर दोघांपैकी एक उठत नाही."

नवरा म्हणाला, "तुम्ही दोघं एकमेकांवर इतके दात खाता की माझा दवाखाना घरच्या घरी चालेल." कोणी हसलं नाही. परतताना तो वहिनीला म्हणाला, "तू गप्प आहेस, म्हणजे काहीतरी शिजतंय. तो माझा भाऊ आहे, एवढं लक्षात ठेव."

"तुझ्या भावानं माझं टेबल घेतलंय, एवढं तूही लक्षात ठेव," ती म्हणाली.

मग ती दुपार आली. संस्थेच्या उपाहारगृहात शेजारच्या इमारतीतला खगोलवाला तिच्यासमोर ताट घेऊन बसला. त्याला सगळे तबकडीवाला म्हणत, कारण यंदाच त्याच्या गच्चीवर रेडिओ दुर्बिणीची भलीमोठी तबकडी बसली होती आणि त्या दिवसापासून तो दुसरं काही बोलतच नव्हता. आज मात्र तो कुरकुरत होता. "वहिनी, माझ्या जेवणाचं काही खरं नाही राहिलं. आम्ही हंगामभर एकच तारा धरलाय. तो उगवला की तबकडी त्याच्या मागे निघते, मावळेपर्यंत. आणि तो बेटा रोज चार मिनिटं आधी उगवतो! सुरुवातीला निवांत जेवून बसायचो, आता न्याहारीलाच पळावं लागतं."

वहिनीचा घास तोंडातच राहिला.

"वजन किती हो तुमच्या तबकडीचं?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"भरलेले पाचसहा ट्रक धरा!" तो खुलला. "पण फिरते कशी, लोण्यात सुरी. तुम्हाला खाली काही त्रास नाही ना? नसणारच. पुढच्या आठवड्यात तसंही तीनचार दिवस बंद ठेवतोय, वंगण घालायचंय."

तिला त्रास काय आहे ते तिथल्या तिथे कळलं होतं. एवढं धूड एका बाजूनं दुसऱ्या बाजूला झुकत जाणार, त्याच्याखालची जमीन केसाच्या केसाएवढी कलणार, त्या जमिनीवर तिची शिळा कलणार आणि काचेच्या नळ्या स्वतःच्या वजनानं किंचित वाकणार. रोज, ताऱ्याच्या मागोमाग, ताऱ्याच्या दिवसानं! घरातल्या गोष्टी घड्याळानं चालतात असं मानणाऱ्या माणसांनी, ताऱ्यांच्या वेळेनं चालणारी एक गोष्ट आपल्याच शेजारच्या गच्चीवर बसलीय हे ध्यानातच घेतलं नव्हतं. बाहेरचा कोणी असता तर त्यानं पहिल्याच दिवशी बोट दाखवलं असतं.

तरी आशा सुटत नव्हती. वंगणाचे दिवस आले आणि गेले. सगळे जेवायला गेलेले बघून वहिनी तळघराबाहेरच्या खोलीत शिरली आणि जे चकवेवालीनं कधीच करायचं नसतं ते तिनं केलं. मोजमापं उघडली. तबकडी बंद होती त्या दिवसांत लाट नव्हती. शून्य. सपाट, नेहमीचं, मेलं शून्य. तबकडी सुरू झाली, लाट परत आली.

ती तिथेच खुर्चीत बसून राहिली. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा भयंकर राग आला. पन्नाशी उलटलेली बाई, पोरीसारखी आभाळाकडून पत्र आलंय म्हणून नाचली काय आणि आता डोळे पुसते काय!

रडून झाल्यावर मात्र तिचं डोकं ताळ्यावर आलं, आणि ते डोकं तल्लख होतं. बोललं तर काय होईल? तबकडीत चार देशांचा वाटा होता. ती हलणार नव्हती. हलणार टेबलच. दुसरं तळघर रिकामं नव्हतं, म्हणजे टेबल सुटं होऊन पेट्यांत जाणार. आणि गप्प राहिलं तर? चकवा उघडायच्या दिवशी उभं राहून एवढंच सांगायचं, मी काही घातलं नव्हतं. खरंच तर होतं ते! लाट फेकून द्या म्हणणारा प्रमुख सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार, टेबल तिच्याकडे येणार. मग दोनेक महिन्यांनी तिनंच शांतपणे तबकडीचा शोध लावायचा आणि प्रमुख म्हणून दुसऱ्या गावी शांत जागा मागायची. टेबलही वाचलं, विज्ञानही वाचलं. फक्त दीर बुडाला. सगळं कसं चोख बसत होतं. तिनं ते मनात उलटसुलट करून पाहिलं, कुठेही भोक सापडलं नाही.

चकवा उघडायच्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. संचालक बाई पुढे बसल्या होत्या. दिरानं आधी पडद्यावर लाट दाखवली, मग निबंध दाखवला, आणि हात झाडत म्हणाला, "तर अशी ही आमच्या वहिनींची कलाकृती. तपासण्या आम्ही विशेष केल्या नाहीत, गरज नव्हती. या वहिनी, सांगा."

ती उठली. पुढे गेली. कितीतरी रात्री तिनं या वाक्याची चव मनात घोळवली होती.

"मी काही घातलं नव्हतं," ती म्हणाली.

आधी कोणाला कळलंच नाही. मग संचालक बाईंनी संगणकातली नोंद उघडायला लावली आणि पडद्यावर आलं, "रिकामा." सभागृहात कोणीतरी मोठ्यानं श्वास घेतला. वहिनीनं मान वळवून दिराकडे पाहिलं. आता याचा चेहरा उतरणार, आता हा खुर्ची शोधणार, हे बघायलाच तर ती आली होती.

त्याचा चेहरा उतरला नाही.

तो पडद्याकडे बघत होता. तोंड थोडं उघडं होतं. आपण तोंडघशी पडलोय, टेबल गेलं, वर्गावर जायचंय, यातलं काहीच त्याच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा हा शाळकरी होता. एकदा तिनं त्याला समजावलं होतं की पळत्या गाडीतल्या माणसाचं 'आत्ता' आणि रस्त्यावरच्या माणसाचं 'आत्ता' एक नसतं. तेव्हा तो असाच बघत राहिला होता, आणि मग घरभर उड्या मारत सुटला होता. आता केस पिकलेला, पोट सुटलेला तो माणूस तसाच उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे हे खरं आहे," तो हळूच म्हणाला. कोणाला उद्देशून नाही. मग तिच्याकडे वळला, आणि त्या चेहऱ्यावर वैर नावाला नव्हतं. "वहिनी! अहो वहिनी, हे खरं आहे! तुमच्या टेबलावर!" तो फळ्याकडे धावला, खडू उचलला, घाईत तो मोडला, दुसरा उचलला. गटातली माणसं उभी राहिली. कोणीतरी टाळी वाजवली. दीर लिहीत होता, पुसत होता, हसत होता.

वहिनीला वाटलं होतं की हे बघताना आपल्याला गंमत वाटेल. आतून उसळला तो जाळ होता. हा? याला हे मिळणार? ज्यानं तपासलं नाही, टर उडवली, फेकून द्या म्हणाला, त्याला तिचं ते सुख? तेच, अगदी तेच, स्वयंपाकघरात नळ सोडून तिनं एकटीनं भोगलेलं? टेबल घे, खुर्ची घे, पण हे नाही. हे तिला एक क्षणही बघवेना.

"ती तबकडी आहे," ती म्हणाली.

दिराचा हात थांबला आणि तो तिच्याकडे वळला.

"शेजारच्या गच्चीवरची. ताऱ्याच्या मागे फिरते, जमीन कलते, नळ्या वाकतात. वंगणासाठी बंद होती तेव्हा लाट नव्हती. मी स्वतः पाहिलंय." तिचा आवाज चढला. "पुसा ते, भाऊजी. त्यात काही नाहीये."

संचालक बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही चकवेवाल्या होतात. तुम्ही मोजमापं पाहिलीत?"

"पाहिली."

"आणि हे आत्ता सांगताय? तबकडी हलणार नाही, याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना?"

"कळतोय."

बाईंनी दीर्घ उसासा टाकला. "चला. दोघांपैकी कोणाला द्यायचं, हा माझा प्रश्न तरी मिटला."

बाहेर पडताना लोकांनी वहिनीला गराडा घातला. केवढा हा प्रामाणिकपणा! हातात आलेलं टेबल गेलं तरी खरं बोलल्या! तबकडीवाल्यानं तर तिचे दोन्ही हात धरून माफी मागितली. नवऱ्याला संध्याकाळपर्यंत कोणीतरी फोन करून सांगितलंच होतं. तो म्हणाला, "मला तुझा अभिमान वाटतो. वैर असलं तरी त्याला खोट्यात पडू दिलं नाहीस." ती आत जाऊन अंथरुणावर पडली.

टेबल सुटं करायचं काम दोघांवरच आलं, कारण ते कसं जोडलंय हे दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. हवेची गादी बंद केल्यावर शिळा टेकली. तळघरात इतकी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती. ती एका बाजूनं स्क्रू काढत होती, दीर दुसऱ्या बाजूनं.

"तिकडचा आधी ढिला करा," ती म्हणाली. "नळीवर ताण येतोय."

"माहितीये मला."

"माहीत असतं तर केला असता."

त्यानं केला. मग पान्याकडे बघतच म्हणाला, "सगळे म्हणतायत वहिनी सत्यासाठी बोलल्या. आई पण म्हणाली. दादा तर रडायचाच बाकी आहे."

"म्हणू देत."

"मी तुमच्याकडे बघत होतो तेव्हा. दुसरं कोणी बघत नव्हतं, सगळे फळ्याकडे बघत होते. तुम्ही घरून ठरवून आला होतात गप्प राहायचं. माझी जिरवायची, टेबल घ्यायचं. घेतलं असतंत तर मला राग आला असता, पण समजलं असतं. मी पण तेच केलं होतं तुमच्याशी."

तिनं पुढच्या स्क्रूला पाना लावला.

"तुम्हाला किती दिवस खरं वाटत होतं?"

"पंधराएक," ती म्हणाली.

"पंधरा दिवस." त्यानं पाना खाली ठेवला. "आणि मला दोन मिनिटंसुद्धा बघवली नाहीत तुम्हाला. टेबल देऊन टाकलंत, पण मला दोन मिनिटं दिली नाहीत. टेबलाचं मी विसरेन, वहिनी. हे नाही विसरणार."

नाही म्हणावं, असं काही नव्हतं म्हणावं, एवढ्यापुरतं तिनं तोंड उघडलं. पण खोटं बोलायची तिला कधी सवय नव्हती.

"नसतीच दिली," ती म्हणाली. "परत वेळ आली तरी."

दिरानं मान हलवली. मग दोघांनी दोन बाजूंनी धरून पहिली नळी उचलली आणि ती पेटीत ठेवेपर्यंत कोणीच हात सोडला नाही, कारण एकट्यानं ती उचलली असती तर फुटली असती.